गवताच्या सुट्टीचा वार

आयुष्यात मला सगळ्यांत जास्त वेळा चपला काढायला लावणारा माणूस म्हणजे नाना. देवळात इतक्या वेळा काढल्या नसतील. आमच्या कंपनीत मागच्या बाजूला, कॅन्टीन आणि पेंट शॉपच्या मधे, गवताचा एक तुकडा होता. जेमतेम बॅडमिंटनच्या दोन कोर्टांएवढा. त्यावर पाऊल टाकायचं तर अनवाणीच, असा नानांचा हुकूम. एकदा दिल्लीहून ऑडिटला आलेले दोन साहेब भलेमोठे सेफ्टी शूज घालून त्या गवतावरून शॉर्टकट मारायला निघाले. नाना कोपऱ्यात उकिडवे बसून कात्रीनं गवत कापत होते. तिथूनच ओरडले, "ओ पाव्हणं! घरी सतरंजीवर जाता का असं बुटासकट?"

ऑडिटरांना मराठी कळलं नसावं, पण आवाज कळला. बिचारे एकमेकांच्या खांद्याला धरून, लंगडी घालत बूट काढायला लागले. मी ॲडमिनमधली, म्हणजे असल्या वेळी सारवासारव करणं माझंच काम. मी धावत गेले, तर नाना मलाच म्हणाले, "म्याडम, तुमी बी काढा." काढल्या. न काढून सांगते कुणाला! कारखान्यात बूट घातले नाहीत तर सेफ्टीवाले दंड करायचे आणि नानांच्या गवतावर घातले तर चारचौघांत अब्रू जायची.

नाना आमचे माळी. चाकणला आमची कंपनी जिथे उभी आहे, तिथे आधी मागच्या गावचं गायरान होतं आणि गायरानाला लागून नानांचं शेत. गायरान गेलं, शेत गेलं, बदल्यात घरटी एकाला नोकरी मिळाली. नानांच्या मुलाला टेम्पोचा धंदा करायचा होता, म्हणून नोकरीवर म्हातारा आला. मोजणीत कसा कोण जाणे, नानांचा एक एकर सुटला. तीन बाजूंनी कंपनीची भिंत आणि चौथ्या बाजूला गावचा रस्ता. तो एकर नानांनी विकला नाही आणि पेरलाही नाही. नुसता ठेवला. रोज ड्युटी संपली की तिथे बांधावर दहा मिनिटं बसायचे आणि मग घरी जायचे. "काय करता हो तिथे बसून?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काय न्हाई. आपल्या जागंव बसतो."

मी उदगीरची. त्या वेळी आकुर्डीला स्टेशनजवळ एका खोलीत राहायचे. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य घालवायचं. घरची आठवण आली की मी डबा घेऊन नानांच्या गवताच्या कडेला जायचे. तिथे बसलं की का कोण जाणे, बरं वाटायचं.

ते गवत खरं म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांच्या हौसेचं. साहेब स्कॉटलंडचे आणि गोल्फसाठी पार वेडे. चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा सराव करता यावा म्हणून त्यांनी ही हिरवळ करवली होती. आधी बेंगळुरूहून गवत मागवलं. चटयांसारखं गुंडाळून आलं आणि चाकणच्या उन्हात महिन्याभरात त्याची पापडी झाली. दुसऱ्यांदा मागवलं, तेही गेलं. तिसऱ्या खेपेला साहेब सुट्टीवर जाताना सांगून गेले, हे मेलं तर बास, तिथे सिमेंट करू. ते मेलंच. मग नानांनी काय करावं? आपल्या एकराच्या बांधावरून पोतंभर हरळी उपटून आणली, तिचे तुकडे केले आणि लावून टाकली.

हरळी! शेतकऱ्याच्या घरात हे नाव शिवी दिल्यासारखं घेतात. माझे वडील उन्हाळाभर नांगरटीतून हरळीच्या मुळ्या-काशा वेचून जाळायचे, तरी पावसाळ्यात ती हजर. पण साहेब दोन महिन्यांनी परत आले तेव्हा हिरवळ नुसती लवलवत होती. साहेब गुडघ्यावर बसले, तळहात फिरवला आणि मला म्हणाले, ही जात कोणती, विचार. मी विचारलं. नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "सांगा, गावरान."

साहेब पुढे प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं 'गावरान' असं घोळून घोळून सांगायचे. नाना मला हळूच म्हणायचे, "आज्यानं उपटली, बापानं उपटली, माझी बी हयात हिला उपटण्यात गेली. आन् आता पगार घेऊन हिचीच चाकरी करतोय. हसत आसंल मनात."

गोल्फबद्दल त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं. "भोकातच घालायचाय तर वाकून हातानं टाका की. कंबर धरलीया का?" साहेब कधीमधी लांबून काठी फिरवून चेंडू उंच उडवायचे. सगळे चेंडूकडे बघायचे. नाना बघायचे ते काठी जिथे लागली तिथे. गवताचा टवका उडाला की धावत जाऊन तो परत जागेवर बसवायचे, टाचेनं दाबायचे आणि म्हणायचे, "गप, गप. काय न्हाई झालं." आई पडलेल्या पोराला म्हणते तसं.

आणि कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं एक ठरलेलं उत्तर असायचं. पाऊस येणार का नाना? "गवताला इचारा." यंदा बोनस होणार का? "गवताला इचारा." माझं लग्न ठरत नव्हतं तेव्हा मी वैतागून म्हटलं, "नाना, आता गवतालाच विचारू का?" तर नाना खरंच खाली वाकले, कान लावला आणि म्हणाले, "व्हईल म्हनतंय. पर मुलगा बुटका हाय." हो, बुटकाच निघाला. आमचे हे अजून नानांवर खार खाऊन आहेत.

नाना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या गवताच्या जागी दुचाक्यांचं पार्किंग आहे. मीही माझी तिथेच लावते. ॲडमिनची मॅनेजर आहे ना मी, माझ्या नावाची पाटी आहे तिथे.

मॅनेजर कशी झाले, ते सांगायचं तर नानांच्या स्कॉटलंडच्या प्रवासाबद्दल सांगायला हवं. आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमच्याकडे दर वर्षी एका कामगाराला तिकडच्या मूळ कंपनीत आठ दिवस पाठवायचे. त्या वर्षी साहेबांनी नानांचं नाव काढलं. सगळ्या प्लांटमध्ये आनंदीआनंद. दुभाषी म्हणून सोबत मी. निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक लिफाफा दिला. आत नानांच्या एकराचं संमतीपत्र होतं. नवीन शेडला तेवढीच जागा कमी पडत होती आणि नाना पाच वर्षं नाही म्हणत होते. साहेब म्हणाले, "इथे तो सही करणार नाही. तिकडे त्याला आमच्याकडचं सगळ्यांत जुनं मैदान दाखवायची मी सोय केली आहे. ते बघून त्याचं मन मोकळं होईल, तेव्हा तू विषय काढ. मॅनेजरच्या जागेसाठी माझ्या डोक्यात तुझंच नाव आहे."

माणूस वाईट नव्हता हो. नानांना ते मैदान दाखवायची त्याला मनापासून हौस होती, आणि जमीनही हवी होती. दोन्ही खरं होतं, तीच तर पंचाईत. मी लिफाफा पर्समध्ये टाकला.

पासपोर्टच्या फोटोसाठी नानांना आधीच टोपी काढावी लागली होती. फोटो हातात पडल्यावर बराच वेळ निरखून म्हणाले, "ह्यो कोन टकल्या?" विमानतळावर त्यावरही कडी. तपासणीत त्यांच्या पिशवीतून खुरपं निघालं. मी कपाळाला हात लावला. सगळे जवान गोळा झाले. नाना शांतपणे म्हणाले, "आवो, गवत बघायला चाललोय. खुरपं नको?" खुरपं जप्त झालं. नाना तिथेच फतकल मारून बसले, म्हणाले पावती द्या. अर्धा तास. शेवटी एका मराठी जवानानं कागदाच्या चिठोऱ्यावर 'एक खुरपं मिळालं' असं लिहून खाली सही ठोकली, तेव्हा उठले.

तिकडे पहिले पाच दिवस कारखाने, भाषणं आणि बेचव जेवण यांत गेले. सहाव्या दिवशी, रविवारी, साहेबांनी आम्हाला गाडी करून दिली आणि समुद्रकाठच्या त्या मैदानाकडे धाडलं. तिथे त्यांच्या ओळखीचे एक म्हातारबुवा भेटले. चाळीस वर्षं त्या मैदानाचं गवत राखून निवृत्त झालेले. लाल नाक, जाड भुवया, कमी बोलणं. गोल्फवाल्यांची ती काशीच म्हणायची. जगातले मोठमोठे खेळाडू अजिंक्यपदासाठी तिथे खेळून गेलेले, पिढ्यान्‌पिढ्या.

आणि आम्ही पोचलो तर तिथे कुणीच खेळत नव्हतं! सगळं गाव मैदानावर हिंडत होतं. बाबागाड्या, कुत्री, हातात हात घालून फिरणाऱ्या म्हाताऱ्या. जमीन उंचसखल, वाळूचे मोठाले खड्डे, पलीकडे करडा समुद्र, आणि वारा असा की माझी ओढणी दोनदा त्या म्हातारबुवांच्या तोंडावर गेली. मला वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. म्हातारबुवा म्हणाले, रविवारी इथे खेळ बंद. एक दिवस गवताला सुट्टी. आणि त्या दिवशी मैदान गावाचं, कुणीही यावं.

मी हे नानांना सांगितलं. त्यांनी आधी बूट काढले, मोजे काढले. थंडीनं माझे दात वाजत होते आणि हा माणूस अनवाणी चालायला लागला. चालता चालता अचानक खाली बसला आणि बोटांनी काहीतरी उपटायला लागला. बघते तर नाना त्या जगप्रसिद्ध हिरवळीची खुरपणी करत होते! सवयच ती, हात कसा थांबणार! मी किंचाळले, "नाना, अहो, उठा! पकडतील आपल्याला!" तोवर म्हातारबुवा पुढे आले. नानांनी उपटलेलं रोप त्यांनी हातात घेऊन बघितलं, मान हलवली आणि खिशातून एक छोटा वाकडा चाकू काढून नानांच्या हातात दिला. मग स्वतःही गुडघे टेकून शेजारी बसले. दोन म्हातारे, एकमेकांची भाषा येत नाही, तण दाखवत, माती हुंगत, बोटांनी खोली मोजत बसले. दुभाष्याची गरजच उरली नाही. मी उभी राहून नाक पुसत होते.

मग नानांनी मला हाक मारली. "इचारा त्यांना, आदी हितं काय व्हतं?"

म्हातारबुवा म्हणाले, काहीच नव्हतं. वाळू आणि खारं वारं, पीक येईना. म्हणून गावानं मेंढरं चरायला ही जमीन ठेवली. मेंढरांनी गवत बारीक राखलं. वारा चुकवायला मेंढरं जिथे दबून बसायची, तिथे खड्डे पडले. खेळ नंतर आला.

"म्हंजी गायरान!" नाना इतक्या जोरानं ओरडले की एक कुत्रं भुंकायला लागलं. "आमच्यावानी गायरान! आन् आता कुनाचं हाय?"

गावाचंच, म्हातारबुवा म्हणाले. विकणार कोण?

नाना उठून समुद्राकडे गेले आणि वाळूच्या उंचवट्यावर बसले. मी शेजारी जाऊन बसले. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "म्याडम, कागद काढा."

मी पर्स आणखी घट्ट धरली. "कुठला कागद नाना?"

"पर्समधला. सा दिवस झालं, पर्स छातीशी धरून हिंडताय. मला गावाकडंच कळलं व्हतं. माळ्याला इमानात कशापायी बसवतील?"

मला रडूच फुटलं. मी म्हटलं, नाना, सही करू नका, मी सांगते साहेबांना, नाही म्हणाले म्हणून. खरंच म्हटलं. तेवढं एक मी खरं बोलले.

नाना म्हणाले, "रडू नगा. माझ्यामागं पोरगं महिन्याभरात इकनार हाय त्यो एकर. मग गावाला काय? शून्य. त्यापरीस मी हाय तवर त्याच्या बदल्यात कायतरी मागून घेतो. साहेबाला इचारा, हितल्यावानी रविवारी आपलं बी दार उघडं ठिवाल का? गायरानात आमी ल्हानाचं मोठं झालो. आता भिंतीपल्याड काय हाय त्ये बी पोरांना ठावं न्हाई. बाया-मान्सांनी आत यावं, गवतावर अनवानी फिरावं, घरला जावं. कारखान्यात कुनी जानार न्हाई, माझी जबाबदारी. एवढं व्हय म्हनलं तर सही देतो."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब हसले. "काय सुंदर कल्पना आहे! बघू म्हणावं, परत आल्यावर बघू. सही झाली का?" मी म्हटलं, त्यांना पक्कं उत्तर हवंय. साहेब म्हणाले, "अगं, सेफ्टी आहे, इन्शुरन्स आहे, असं फोनवर कसं सांगू? तू सांभाळून घे."

फोन ठेवला. नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे पाय थंडीनं निळे पडले होते. मी म्हटलं, "साहेब हो म्हणाले."

का म्हटलं? मनाशी शंभर कारणं दिली आहेत मी. वाटलं, परत गेल्यावर मागे लागून करून घेऊ. वाटलं, साहेब मनाचा चांगला आहे. पण खरं सांगायचं तर मला ती खुर्ची हवी होती. नानांनी कागद मांडीवर धरला आणि एकेक अक्षर कोरत सही केली.

परत आल्यावर आठ दिवसांत रीतसर खरेदीखत झालं. मी रविवारचं पत्र लिहिलं. सेफ्टीनं नाही म्हटलं, वकिलांनी नाही म्हटलं, आणि साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, ही फॅक्टरी आहे की बाग?" पुन्हा विचारलं नाही. नाना महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, "म्याडम, कधी उघडायचं दार?" मी म्हणायचे, पाऊस सरू द्या. मग म्हणाले, "दिवाळी झाल्यावरचा पयला रविवार धरू का?" मी घाईत होते, मोबाइलवर बोलत होते. मान हलवली.

त्या रविवारी स्टॉकची मोजणी होती म्हणून मी कंपनीत होते. दहाच्या सुमाराला गेटवरून फोन आला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, नाना गाव घेऊन आलेत. तुमचं नाव सांगतायत. सोडू का?"

मी गेटवर गेले. तीस-चाळीस माणसं होती. म्हाताऱ्या ठेवणीतली नऊवारी नेसून आलेल्या, पोरांच्या केसांना तेल लावून भांग पाडलेले. सगळे अनवाणी. चपला घरीच ठेवून आले होते, नानांनी बजावलं असणार. नाना पुढे, इस्त्रीची टोपी, नवं धोतर. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला! मागे वळून म्हणाले, "ह्याच त्या म्याडम. ह्यांच्यामुळं झालं बरं का."

गेटची किल्ली सिक्युरिटीवाल्याच्या हातात होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं असतं तर त्यानं उघडलं असतं. फार तर मेमो मिळाला असता. मी उभी राहिले. नुसती उभी राहिले.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांना कळलं. कळलेलं मला दिसलं.

ते गावाकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं तिच्या! इसरलोच की मी! काल गवताव औषध मारलंय. जहाल आसतंय, पाय भाजतील पोरांचं. चला, फिरा माघारी."

एकच गलका झाला. एक म्हातारी म्हणाली, "मुडद्या, उन्हाची आमाला एवढी तंगडतोड करायला लावलीस आन् आता आठवलं व्हय?" कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, स्कॉटलंडला जाऊन आल्यापास्नं कायबी बोलतोय. पोरं हसायला लागली. नानाही हसले. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "वय झालं बाबांनो. चुकलं माझं."

सगळे निघाले. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून, अनवाणी, पोरांना कडेवर घेऊन. नाना सगळ्यांत शेवटी थांबले. मी गेटच्या आत, ते बाहेर. आता बोलतील, शिव्या देतील, मला वाटलं. द्याव्यात असंच वाटत होतं.

नाना म्हणाले, "म्याडम, ऊन लई हाय. तुमी आत जावा."

आणि मी आत गेले.